बरगड्या मोजा, श्वास बघा, मग पाठीकडे वळा: नवख्यांसाठी छाती आणि कण्याची ओळख

नाशिकमध्ये पाठ आणि छाती दुखवून घ्यायला निमित्तांची कमतरता नाही. गणपतीच्या आधी ढोल पथकांचे सराव सुरू होतात. पावसाळ्यातल्या रविवारी हरिहर आणि अंजनेरीवर रांगा लागतात. दिंडोरी-निफाडकडे ऑक्टोबर छाटणीनंतर मजूर बायका दिवसदिवस मंडपाखाली मान वर करून द्राक्षाच्या घडांची विरळणी करतात. लासलगावात कांद्याच्या गोण्या उचलणारे हमाल तर वर्षभर असतातच. यांपैकी कशातही तुम्ही नव्याने शिरत असाल, ट्रेक ग्रुपचे लीडर होणार असाल, जिममध्ये ट्रेनर म्हणून लागला असाल किंवा सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून उभे राहणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. वैद्यकीय शिक्षण लागत नाही. स्वतःचं अंग, दहा बोटं, शिवणकामाची टेप आणि सेकंद दाखवणारं घड्याळ एवढं पुरे.

छाती पुढे आणि पाठ मागे, म्हणून छातीचं दुखणं एका डॉक्टरकडे आणि पाठीचं दुसऱ्याकडे, अशी आपण वाटणी करून ठेवलेली असते. शरीराला ही वाटणी ठाऊक नाही. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला सांध्याने जोडलेली आहे आणि दर श्वासाला तो सांधा हलतो. श्वासाचा मुख्य स्नायू खाली थेट कमरेच्या मणक्यांना चिकटलेला आहे, आणि त्याला हुकूम देणारी नस निघते मानेतून. त्यामुळे माझा नियम साधा आहे: पाठ दुखत असली तरी श्वास बघायचा, आणि कुणी उंचावरून पडलं तर त्याला हात लावण्याआधी त्याचं पोट कसं हलतंय ते बघायचं. खालच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. मधली गाळून पुढे जाऊ नका, कारण शेवटच्या पायऱ्यांना पहिल्या लागतात.

पायरी १: समोरून बरगड्या मोजा

आरशासमोर उभे राहा. गळ्याच्या तळाशी, दोन्ही हासळ्यांच्या मध्ये, एक खळगा लागतो. तिथून बोट छातीच्या मधल्या हाडावरून, म्हणजे उरोस्थीवरून, हळूहळू खाली सरकवा. चारपाच सेंटिमीटरवर बोटाला एक आडवा उंचवटा लागेल. घाईत तो हमखास निसटतो, म्हणून दोनतीनदा वर-खाली करा. त्या उंचवट्याच्या दोन्ही अंगांना जी बरगडी जोडलेली आहे, ती दुसरी. पहिली शोधत बसू नका. ती हासळीच्या मागे दडलेली असते आणि नवख्याच्या बोटाला लागत नाही.

दुसरी सापडली की बाकीच्या मोजता येतात. बोट सरळ खाली न नेता थोडं तिरकं, बाहेरच्या दिशेने न्या. बरगडी, खाच, बरगडी, खाच असं लागत जाईल. एकूण बरगड्यांच्या १२ जोड्या, म्हणजे २४ बरगड्या. पुरुषांच्या आणि बायकांच्या सारख्याच. बायकांना एक जास्त असते हे ऐकून मी थकले आहे. शंभरातल्या एखाद्याला मानेतून निघालेली एक जादा बरगडी असू शकते, तीही पुरुष-बाई दोघांत.

वरच्या ७ जोड्या कूर्चेने, म्हणजे मऊ लवचीक हाडाने, थेट उरोस्थीला जोडलेल्या. ८, ९ आणि १० या आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडलेल्या, म्हणून छातीच्या तळाशी ती कमान तयार होते. ११ आणि १२ पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत. त्यांची टोकं पोटाच्या स्नायूंत संपतात. बारीक माणसाच्या कुशीत अकरावीचं टोक बोटाला लागतं. ते गाठीसारखं वाटून घाबरून आलेले लोक मी पाहिले आहेत.

दोन बरगड्यांमधल्या खाचेत स्नायू असतात, आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक पन्हळ असते. तिच्यातून शीर, धमनी आणि नस अशा तिन्ही एकत्र धावतात. छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला टेकवून घालतात, ते याचसाठी. बरगडी मोडली की दुखणं एका जागी न राहता पट्ट्यासारखं पुढे पोटाकडे का येतं, त्याचं उत्तरही या नसेत आहे.

पायरी २: मागून मणके शोधा

यासाठी दुसरा माणूस लागेल. त्याला पाठमोरं बसवा आणि मान पुढे झुकवायला सांगा. मानेच्या तळाशी एक हाड ठळक वर येतं, तो बहुतेकदा मानेचा सातवा मणका. खात्री करायची असेल तर त्यावर आणि त्याच्या वरच्यावर एकेक बोट ठेवा आणि मान मागे न्यायला सांगा. सहावा बोटाखालून आत सरकतो, सातवा जागेवर राहतो.

आता खाली या. खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक पाठीच्या सातव्या मणक्याच्या रेषेत असतं. कमरेवर दोन्ही हात ठेवून खुब्याच्या हाडांची वरची कड शोधा. ती रेषा कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. या तीन खुणा पक्क्या झाल्या की अर्धं काम झालं.

मणके मानेत ७, छातीच्या पाठीत १२, कमरेत ५. खाली ५ जुळून झालेलं त्रिकास्थी आणि साधारण ४ जुळून झालेलं माकडहाड. बरगड्यांच्या १२ जोड्या आणि पाठीचे १२ मणके हा योगायोग नव्हे. बहुतेक बरगड्यांचं डोकं आपल्या आणि वरच्या अशा दोन मणक्यांच्या मध्ये टेकतं, आणि बरगडीचा आणखी एक सांधा आपल्याच मणक्याच्या आडव्या शिंगाशी असतो. इतक्या सांध्यांनी बांधलेला म्हणून पाठीचा भाग ताठ असतो. मान आणि कंबर मोकळ्या असतात. ताठ भाग जिथे संपतो आणि मोकळा सुरू होतो तिथे, म्हणजे पाठीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका इथे, सगळ्यात जास्त मार बसतो. ही जागा पाठ करून ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

मेरुरज्जू, म्हणजे मेंदूपासून निघालेला नसांचा जाड दोर, या सगळ्या मणक्यांच्या पोकळीतून खाली जातो, पण शेवटपर्यंत नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नुसता नसांचा झुबका उरतो.

पायरी ३: श्वास कोण ओढतं ते बघा

इथे वेळ घाला. जमिनीवर उताणे झोपा, गुडघे दुमडा, एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. नेहमीसारखा श्वास घ्या. मुद्दाम काही करू नका. शांत झोपलेल्या निरोगी माणसाचा पोटावरचा हात जास्त हलतो.

ते पोट फुगवणारं म्हणजे श्वासपटल, ज्याला डॉक्टर डायफ्राम म्हणतात. छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटाच्या आकाराचा हा स्नायू ताणलेला असतो. समोर उरोस्थीचं टोक, बाजूंना खालच्या सहा बरगड्या आणि मागे कमरेचे वरचे दोनतीन मणके, अशा त्याच्या जोडण्या. आकुंचन पावला की घुमट चपटा होतो, आतडी-यकृत खाली दाबले जातात, पोट पुढे येतं, वर फुप्फुसांना जागा होते आणि हवा आत येते. शांत श्वासात तो एकदोन सेंटिमीटरच खाली उतरतो, पण बहुतांश काम तोच करतो. एका शांत श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत येते. सोडताना काहीच करावं लागत नाही. फुप्फुसं आपल्या लवचीकपणाने आपोआप आत जातात.

त्याची नस, फ्रेनिक नर्व्ह, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघते. पोटाच्या वर असलेल्या स्नायूची नस एवढ्या वरून का यावी? गर्भात श्वासपटल मानेपाशी तयार होतं आणि मग खाली उतरतं, नस मागोमाग लांबत जाते. या एका गोष्टीवर पुढे माणसाचा जीव अवलंबून असतो.

आता बरगड्यांकडे या. दोन्ही तळवे छातीच्या खालच्या भागावर बाजूंनी ठेवा आणि खोल श्वास घ्या. तळवे बाहेरच्या बाजूला ढकलले जातील. मग एक हात उरोस्थीच्या वरच्या भागावर ठेवा. तो पुढे आणि वर जाईल. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर उचलल्या जातात, वरच्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढून वर जातात. दोन्ही हालचालींची खीळ मागे, मणक्याजवळच्या सांध्यांत आहे. म्हणून पाठीचे ते सांधे आखडले की लोक म्हणतात, ‘खोल श्वास घेतला की पाठीत चमक येते.’ ही चमक बहुतेकदा साधीच असते, पण ती सांगते आहे ते खरं असतं.

बरगड्यांमधल्या स्नायूंचे थर वेगवेगळ्या दिशांना जातात. बाहेरचा थर, खिशात हात घालताना बोटं जातात त्या दिशेने, खाली आणि पुढे जातो; तो श्वास घेताना बरगड्या उचलतो. आतला त्याला काटकोनात असतो आणि जोराने सोडताना कामी येतो. जोराने सोडण्याचं खरं बळ मात्र पोटाच्या स्नायूंचं. कपालभाती करून बघा. त्यात श्वास घेणं आपोआप होतं आणि सोडणं कष्टाचं. शांत श्वासाच्या अगदी उलट. खोकताना, हाका मारतानाही हेच स्नायू लागतात.

आणखी एक राखीव फळी असते: मानेच्या मणक्यांपासून पहिल्या-दुसऱ्या बरगडीला येणारे स्केलीन स्नायू, कानामागून हासळीपर्यंत येणारा मानेचा जाड स्नायू, छातीचे लहान-मोठे स्नायू. दम लागला की ते मदतीला येतात. हरिहरच्या कातळपायऱ्या चढून आलेला माणूस गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहतो, तेव्हा तो नकळत हात स्थिर करून छातीच्या स्नायूंना बरगड्या ओढायला लावत असतो. चढून आल्यावर हे नॉर्मल. बसलेल्या, आराम करणाऱ्या माणसाच्या मानेच्या शिरा-स्नायू दर श्वासाला ताठ होत असतील, तर मात्र ट्रेक तिथेच थांबवा.

विरळणी करणाऱ्या बायकांची मान संध्याकाळी जड होते, त्यात नुसता वर बघण्याचा दोष नाही. हात डोक्यावर असले की खांदे आणि मानेचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात आणि श्वासही वरवरचा, मानेतून घेतला जातो. मी सांगते ते एवढंच: दर अर्ध्या तासाला हात खाली सोडा, पोटातून दहा श्वास घ्या, मग पुन्हा वर. मुकादमाला यात वेळ गेल्यासारखा वाटतो. वाटू द्या.

ढोलवाल्यांचं दुखणं निराळं. ढोल कमरेला आवळून बांधला की पोट पुढे यायला जागा राहत नाही, श्वासपटल खाली उतरू शकत नाही, आणि वजन तोलायला वादक मागे झुकतो. मागे झुकलं की कमरेच्या मागच्या छोट्या सांध्यांवर भार येतो. नव्या वादकाने पहिले पंधरा दिवस ढोल बांधून सलग वाजवू नये. बांधल्यावर पूर्ण श्वास घेता येतो का ते आधी बघावं. येत नसेल तर बांधणी चुकली.

पायरी ४: मोजून घ्या

ही पायरी छोटी आहे. समोरच्याला न सांगता त्याचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. सांगितलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मोठ्या माणसाचे शांतपणे १२ ते २० होतात. मग टेप छातीभोवती, स्तनाग्रांच्या पातळीवर, लावा. पूर्ण सोडून एक माप, पूर्ण भरून दुसरं. फरक पाचेक सेंटिमीटर असावा. अडीचपेक्षा कमी असेल, आणि तिशीच्या आतल्या मुलाची कंबर सकाळी ताठ होऊन हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या संधिवातात बरगड्या आणि मणक्यांचे हेच सांधे आखडत जातात. जिममध्ये अशा मुलांना वर्षानुवर्षं नुसतं स्ट्रेचिंग दिलं जातं.

पायरी ५: बरगडीला मार बसला तर

मधल्या बरगड्या जास्त मोडतात. पहिली-दुसरी हासळीच्या आडोशाला असल्यामुळे सहसा मोडत नाहीत. मोडल्याच तर धक्का फार मोठा होता असं समजायचं आणि आत आणखी काय तुटलं ते शोधायला हॉस्पिटलला न्यायचं. खालच्या बरगड्यांच्या आड उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा आणि मागे मूत्रपिंडं असतात. डाव्या कुशीवर पडलेला मुलगा थोड्या वेळाने फिकट पडला, घाम फुटला, डावा खांदा दुखतो म्हणाला, तर ती बरगडीची तक्रार राहिली नाही. वेळ घालवू नका.

बोट ठेवल्यावर एका ठिकाणी नेमकं दुखणं, खोकताना, शिंकताना, कुशीवर वळताना कळ, ही साध्या मोडीची लक्षणं. एक्स-रेमध्ये ती दिसेलच असं नाही. उपाय दोनच: दुखणं कमी करणं आणि खोल श्वास घेत राहणं. छातीला घट्ट पट्टा आवळण्याची जुनी पद्धत सोडून द्या. त्याने दुखणं कमी वाटतं, पण खालची फुप्फुसं फुगत नाहीत, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसांचं बरगडी मोडण्याने होत नाही एवढं नुकसान या न्यूमोनियाने होतं. मेडिकलमध्ये तीन छोट्या चेंडूंचं श्वासाचं यंत्र (स्पायरोमीटर) मिळतं. ते दर तासाला थोडं ओढायचं, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. दुखण्याची गोळी न घेता सोसत बसण्यात शहाणपण नाही. दुखतं म्हणून माणूस श्वास अर्धा घेतो. भरून यायला साधारण सहा आठवडे, कधी जास्त.

लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो. माणूस श्वास घेतो तेव्हा तो तुकडा आत जातो आणि सोडतो तेव्हा बाहेर येतो. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. ही थेट आयसीयूची केस.

स्वयंसेवकांसाठी इथेच एक गोष्ट सांगते. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी जुने नाशिककर विसरलेले नाहीत, आणि आता २०२७ समोर आहे. गर्दीत माणसं पायांखाली येऊनच मरतात असं नाही. पुष्कळ जण उभ्याउभ्याच गुदमरतात. चारी बाजूंनी दाब आला की बरगड्यांना बाहेर जायला जागा उरत नाही, पोटही पुढे येत नाही, मग हवा आत येणार कशी? म्हणून दाटी वाढली की हात खाली ठेवायचे नाहीत. कोपर दुमडून छातीसमोर घ्या, बरगड्यांपुढे वीतभर जागा राखा. ओरडण्यात हवा घालवू नका. चप्पल पडली तर पडली, खाली वाकू नका. रेट्याविरुद्ध न जाता, रेटा जरा ओसरला की तिरकं सरकत कडेला या. लहान मूल खांद्यावर.

पायरी ६: मणक्याच्या दुखापती ओळखा

बहुतेक पाठदुखी स्नायू किंवा अस्थिबंधांची असते: उसण भरली, लचकली, कंबर धरली. वाकून गोणी उचलताना झटका बसतो, माणूस अर्धा वाकलेलाच राहतो. भीती वाटते खरी, पण पायांत ताकद असेल, मुंग्या नसतील, लघवी नीट होत असेल, तर काही दिवस शेक, गोळी आणि जमेल तितकं चालणं. आठवडाभर पलंगावर पडून राहिलात तर पाठ आणखी आखडेल. पट्टा कामापुरता ठीक, रोजचा सोबती नको. उसण काढायला पायाळू माणसाची लाथ घेण्याची पद्धत अजून आपल्याकडे आहे. नुसती उसण असेल तर लाथ सोसेल, पण पडल्यावर किंवा म्हातारपणी आलेल्या पाठदुखीला ती अजिबात नको. सलूनमध्ये मान मोडून घेणंही सोडा; त्या झटक्याने मानेतली मेंदूकडे जाणारी धमनी फाटू शकते.

दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. ती सरकण्याची जागा बहुतेकदा कमरेच्या शेवटच्या दोन चकत्या, आणि मानेत पाचव्या ते सातव्या मणक्यांमधल्या. नस दबली की कळ पायात उतरते. तपासायला सोपी युक्ती: टाचांवर चालायला सांगा, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल तर कमरेच्या चौथ्या-पाचव्यामधली चकती, चवड्यांवर उभं राहता येत नसेल तर तिच्या खालची, असा पहिला अंदाज करायचा. ऑपरेशनशिवाय सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांना आराम पडतो. एमआरआयच्या कागदावर ‘डिस्क डिजनरेशन’ वाचून हातपाय गाळू नका. पाठ न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये केलेल्या मोठ्या आढाव्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत असा बदल दिसला होता. आमच्याकडे लोक आधी फाइल पुढे करतात, मग कुठे दुखतं ते सांगतात. मी फाइल शेवटी बघते.

आता ती पाठ केलेली जागा. पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका दाबून चपटा होतो तो दोन प्रकारे. उंचावरून पायांवर किंवा बुडावर पडल्याने: झाड, स्लॅब, गडाची कडा. अशा माणसाची टाच मोडली असेल तर कमरेचा एक्स-रे काढल्याशिवाय सोडू नका, कारण तोच धक्का टाचेतून वर गेलेला असतो. टाचेच्या दुखण्यात पाठीचं दुखणं झाकलं जातं. दुसरा प्रकार घरातला. दुचाकीवर मागे एका अंगाला बसलेली आजी, न दिसलेला गतिरोधक, जरा उसळून परत सीटवर आदळणं, आणि पाठीत कट्ट. हाडं ठिसूळ असतील तर एवढंही पुरतं. दोनतीन मणके असे बसले की माणूस पुढे वाकतो, बरगड्यांची खालची कड खुब्याच्या हाडाजवळ येते, पोटाला आणि श्वासपटलाला जागा राहत नाही. अशी आजी ‘दम लागतो’ म्हणून येते. तिची छाती बघून झाली की उंचीही विचारा. चार बोटं कमी झालेली असते.

गोल्फ क्लब मैदानावर वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांच्या आईवडिलांसाठी: मुलाची कंबर एकाच बाजूला, मागे वाकताना दुखत असेल आणि महिनाभर तशीच असेल, तर कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या भागाला ताणाची चीर असू शकते. गोलंदाजी बंद आणि तपासणी. ‘स्ट्रेंथ कमी आहे’ म्हणून आणखी ओव्हर टाकायला लावू नका.

मानेची सगळ्यात वाईट दुखापत आपल्याकडे गोदावरीत होते. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की शहर पूर बघायला जमतं आणि पोरं पुलावरून, पारावरून सूर मारतात. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. काल जिथे दोन पुरुष पाणी होतं तिथे आज वाळू-गाळ येऊन कमरेइतकं असतं. डोकं तळावर आपटलं की अंगाचा सगळा भार मानेवर येतो, आणि पाचव्या-सहाव्या मणक्याच्या आसपास मोड होते. मेरुरज्जू तिथे दुखावला तर हातपाय जातात, पण श्वासपटलाची नस वरून निघालेली असल्यामुळे श्वास चालू राहतो. बरगड्यांचे स्नायू मात्र बंद. म्हणून असा मुलगा श्वास घेतो तेव्हा पोट वर येतं आणि छाती आत खेचली जाते. तुटक बोलतो, खोकला निघत नाही. तिसऱ्याच्या वर तुटलं तर श्वासच थांबतो. तिसऱ्या पायरीवर पोटावर हात ठेवायला लावला तो यासाठी.

आणखी दोन खुणा, ज्यांत एक रात्रही थांबायचं नसतं: मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा, आणि लघवी तुंबणं किंवा कळतच नाही असं होणं. तो कमरेखालचा नसांचा झुबका दबल्याचा इशारा आहे. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल, तर मार लागलेला असो वा नसो, मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्या. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पायरी ७: कुणी पडलं तर

आधी जागा सुरक्षित आहे का बघा: वरून दगड, मागून गाडी. मग माणसाला उठवू नका, बसवू नका, ‘चालून बघ’ म्हणू नका. ‘हलू नकोस, मान वळवू नकोस’ एवढं सांगा आणि कुणालातरी १०८ ला फोन लावायला सांगा. रेंज नसेल तर दोघांना खाली पाठवा, एकट्याला नको.

वय ६५ च्या पुढे असेल, एक मीटर किंवा पाच पायऱ्यांवरून पडला असेल, वेगात गाडीवरून फेकला गेला असेल किंवा हातापायांत मुंग्या असतील, तर मानेला इजा झाली आहे असं धरूनच चाला. शुद्धीवर असेल तर मान ज्या स्थितीत आहे तिथेच दोन्ही हातांनी आधार द्या. सरळ करायला जाऊन दुखलं किंवा अडलं तर थांबा.

श्वास बघा. छाती आणि पोट दोन्ही हलतंय की नुसतं पोट? श्वास नसेल तर मणक्याची काळजी बाजूला ठेवा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. पाण्यातून काढलेल्याला आधी तोंडाने श्वास द्या. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसू नका. बेशुद्ध आहे, श्वास आहे, पण उलटी होते आहे, तर डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर वळवा. याला निदान चार माणसं हवीत: डोक्याशी एक, तोच हुकूम देणार, बाकीचे तिघे खांदा, कंबर, पाय. ‘एक, दोन, तीन’वर सगळे एकदम. हे घरी गादीवर दहा वेळा करून बघा, गडावर पहिल्यांदा करायला जाऊ नका.

रिक्षात दुमडून नेणं, दोघांच्या मध्ये बाइकवर बसवणं, चादरीच्या झोळीत उचलणं, हे तिन्ही टाळा. हेल्मेट काढायचंच असेल तर दोघांनी: एक खालून मान धरणार, दुसरा हेल्मेट बाजूंना ताणून हळू सरकवणार. तोंडात पाणी घालू नका. पावसात भिजलेला असेल तर वर-खाली कोरडं काहीतरी द्या. मेरुरज्जू दुखावलेला माणूस लवकर गार पडतो. अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलेलं आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका.

वाट बघताना एक कागद घ्या आणि लिहा: किती वाजता पडला, किती उंचीवरून, कशावर, मिनिटाला श्वास किती, छाती हलते की नुसतं पोट, दोन्ही हातांची बोटं हलवतो का, दोन्ही पायांचे अंगठे हलवतो का, कुठून खाली बधिर लागतं, लघवी झाली का, काय गोळी दिली. दर पंधरा मिनिटांनी हेच पुन्हा तपासा आणि वेळेसकट खाली लिहित जा, कारण साडेचार वाजताच्या नोंदीत हलणारा अंगठा पावणेपाचला हलत नसेल तर डॉक्टरांचा पुढचा निर्णय त्यावरच ठरतो. १०८ आली की हा कागद माणसाबरोबर गाडीत द्या.